निववणीचा झरोका

पेटी परत आली तेव्हा धाकट्यानं ती उघडली नाही, नुसती थोडी हलवली. आतून आलेला आवाज त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा होता. काचेच्या कारखान्यात वाढलेल्या माणसाला फुटलेली काच दाखवावी लागत नाही.

पेटीत नाट्यगृहाच्या दालनासाठी केलेले दिव्यांचे गोळे होते. स्वच्छ काचेचे, कलिंगडाएवढे. इथून निघाले तेव्हा एकावरही चरा नव्हता. तिथं पोचले, फडताळात मांडून ठेवले, आणि कोणी हातही लावला नसताना एकेक करून तडकले. नाट्यगृहाचा मॅनेजर फोनवर म्हणाला होता, "आमच्या पहारेकऱ्याला वाटलं, कोणी दगड मारतंय. शोधत बसला बिचारा."

"निवली नाही नीट," थोरला म्हणाला. तो तोंडानं काच फुंकायचा, आणि दिवसभर फुंकून झाल्यावर बोलायला त्याच्याकडे फारसा वारा उरत नसे. "काच निवली नाही," एवढं पुन्हा म्हणून तो हात धुवायला गेला.

ते धाकट्यालाही कळत होतं. फुंकलेली काच तशीच उघड्यावर ठेवली, तर बाहेरची साल आधी गार होते, आतला गर तापलेलाच राहतो, आणि दोघांची ओढाताण काचेत कायमची अडकून बसते. म्हणून ती दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवायची, एकसारखी तापू द्यायची आणि मग सावकाश गार होऊ द्यायची. त्या भट्टीला घरात निववणी म्हणत. मोठी भट्टी पुरुषांची, निववणी बायकांची, ही वाटणी कोणी केली ते आता कोणाला आठवत नव्हतं. निववणीचा ताप डोळ्यांना दिसत नाही, तेवढ्यानं वीट लाल होत नाही. म्हणून या घरातल्या बायका तिच्या दारातल्या झरोक्याशी गाल नेऊन तो ओळखत. माईंना त्यांच्या सासूनं शिकवलं, माईंनी थोरल्या सुनेला. पुढं ताप मोजणारा मीटर आला तरी गालाचा मान गेला नाही. मीटरची तार छताजवळ, आणि खालच्या फळ्यांवर काय चाललंय ते गालालाच कळतं, असं सगळे मानत. ते बरंचसं खरंही होतं.

पण गेलं वर्षभर गालाचं आणि मीटरचं पटत नव्हतं. थोरली वहिनी म्हणे, मीटर कमी दाखवतोय, आत जास्त तापलंय. मीटरची तार बदलली. मग मीटर बदलला. तो बसवणारा मेकॅनिक दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा आजारी पडला. वहिनी रोज धुराड्याची झडप थोडी जास्त उघडायची, ताप थोडा उतरवायची, आणि कोणी काही बोलायचं नाही, कारण निववणीवरच्या बाईला बोलायची या घरात पद्धत नव्हती.

धाकट्यानं बहिणीला फोन लावला. "ताई, रविवारी ये. माई तुझं ऐकते."

"माई माझं कधीपासून ऐकायला लागली?"

"बरं, ऐकत नाही. पण तू बोललीस की ती गप्प बसते. तेवढं पुरे मला."

*

बहीण, म्हणजे थोरल्या सुनेची नणंद, रविवारी दुपारी आली ती दवाखान्यातल्या पांढऱ्या बुटांतच. बायकांच्या दवाखान्यात ती नर्स होती. या घरात शिरताना तिची नजर अजून आधी निववणीकडे जाई आणि मग माणसांकडे. विटांची ती बुटकी चौकोनी भट्टी, लोखंडी दार, दारात तळहाताएवढा झरोका, बाजूला धुराड्याच्या झडपेची साखळी. लहानपणी माई तिला कडेवर घेऊन झरोक्याशी न्यायच्या आणि विचारायच्या, "किती?" ती म्हणायची, "थोडं कमी." आणि ते बरोबर असायचं. मग एका वर्षी माईंनी स्वतःचा चामड्याचा ॲप्रन काढला आणि नुकत्याच आलेल्या सुनेच्या गळ्यात घातला. पोटच्या मुलीला विचारलंही नाही. सून आणि मुलगी एकाच वयाच्या. त्याच वर्षी मुलीनं नर्सिंगला नाव घातलं, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत तिनं त्या झरोक्याशी एकदाही गाल नेला नव्हता.

म्हणून धाकट्याचा फोन आला तेव्हा तिला आधी वाईट वाटलं नव्हतं. आधी बरं वाटलं होतं, आणि मग त्या बरं वाटण्याचं वाईट वाटलं होतं.

सगळे पॅकिंगच्या लांब टेबलाभोवती बसले होते. टेबलाखाली पेंढा, टेबलावर चहाचे कप. माई खिडकीपाशी खुर्चीत. थोरली सून निववणीला लागून असलेल्या बाकावर, तिच्या नेहमीच्या जागी. तिची मुलगी, जी तिच्या हाताखाली काम शिकत होती, टेबलाच्या कडेवरच बसलेली.

"मी सरळ बोलतो," धाकटा म्हणाला. "वहिनींना मी काहीच म्हणत नाहीये. पण निववणीवर आता दुसरं कोणी हवं."

"एवढं म्हणालात की, भावजी," थोरली म्हणाली. "आणखी काय म्हणायचं राहिलं?"

"वहिनी, नाट्यगृहवाले उरलेले गोळे दुसरीकडून घ्यायचं म्हणतायत. बोलू नको तर काय करू? ही शिकलीय, हात तयार आहे, हिला बसवू. तुम्ही पॅकिंग बघा. आराम मिळेल."

"पेंढ्यात बसवा मला. फुटणार नाही."

"काका," मुलगी म्हणाली, "मला आईची जागा नकोय."

"मग कोणाची हवीय?"

"माझी. ती व्हायची असेल तेव्हा होईल. अशी नको."

"ताई, तू सांग. फोनवर हो म्हणाली होतीस तू."

थोरलीनं नणंदेकडे पाहिलं. रागानं नाही. पाव्हणीला दार उघडताना पाहावं तसं, शांतपणे. नणंदेला चहा एकदम नको इतका गोड लागला.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "आधी मला सांगा, चूक निववणीचीच आहे हे कशावरून? फुंकण्यात नसेल? वाहतुकीत नसेल?"

थोरल्यानं नकारार्थी मान हलवली. मुलगी खाली उतरली आणि तिनं कोठारातून एक धड गोळा आणला, त्याच खेपेतला, अजून न पाठवलेला. टेबलावरचा दिवा लावला. कॉलेजातून आणलेले काळपट फिल्मचे दोन तुकडे तिच्याकडे होते. एक दिव्यापुढं धरला, एक डोळ्यापुढं, मध्ये गोळा. "या. एकेकानं बघा."

नणंदेनं पाहिलं. काच नुसती पाहिली तर पाण्यासारखी स्वच्छ. पण त्या दोन फिल्मांच्या मधून गोळ्याच्या मानेपाशी निळे, पिवळे, जांभळे पट्टे वळसे घेत होते.

"अगंबाई," माई मागून वाकून म्हणाल्या. "किती सुंदर."

"सुंदर नाही आजी. हा ताण आहे. नीट निवलेल्या काचेत यातलं काही दिसत नाही, सगळं काळं राहतं. मी दहा-बारा गोळे बघितले, सगळ्यांत आहे. अजून तडकले नाहीत एवढंच." तिनं आईकडे न बघता फिल्म खाली ठेवल्या. "ताप कमी पडला, आई. ताण सुटायला जेवढा लागतो तेवढा चढलाच नाही."

"मीटर कमी दाखवतो," थोरली म्हणाली.

"तिन्ही मीटर, वहिनी?" धाकटा म्हणाला. "जुना, नवा आणि मेकॅनिकच्या हातातला?"

यावर कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

*

थोरलीला वाद घालायचा नव्हता. तिला फक्त कोणीतरी तिच्या बाजूला येऊन झरोक्याशी उभं राहावं आणि म्हणावं, हो, आत तापलंय, असं वाटत होतं. एकदाच कोणी म्हणावं.

लग्न होऊन आली तेव्हा तिला काहीच येत नव्हतं. माईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून झरोक्यापुढं नेला होता आणि म्हणाल्या होत्या, "घाबरू नकोस. ती सांगते, आपण ऐकायचं." महिनाभर तिला नुसती धग लागली. मग एके सकाळी त्या धगीतला फरक कळला, जसा अंधारात ओळखीच्या माणसाचा श्वास कळतो. त्यानंतर ती कधी चुकली नाही. मूल पोटात असताना नाही, ताप अंगात असताना नाही, सासरे गेले त्या आठवड्यात नाही. या घरात तिचं म्हणून जे काही होतं ते सगळं त्या डाव्या गालात होतं.

आता वर्षभर ती झरोक्याशी गेली की आतून एकदम जास्त येई. किती जास्त? ते सांगता येत नसे. पूर्वी सांगता येई. झोप उडाली होती. बोलता बोलता साधा शब्द जिभेवरून निसटे. दोनदा ती सुनावल्यासारखं मुलीला बोलली आणि नंतर कोठारात जाऊन रडली, कशासाठी ते तिलाच कळलं नाही. पाळीचंही तंत्र बिघडलं होतं, पण ते वय झालं की होतंच, त्याचा निववणीशी काय संबंध?

"तुम्ही थकलायत वहिनी," धाकटा म्हणत होता, "त्यात कमीपणा नाही काही. माईनंसुद्धा सोडलंच की एका वयात. किती छान, स्वतःहून, मनात काही न ठेवता..."

आणि तिला ते आलं. छातीच्या मध्यातून वर, मानेवर, कानांमागे, गालांवर. पाठीमागून निववणी सणसणीत तापल्यासारखी. इतकं तापवलं कोणी? आतला माल बसेल, वाकेल. ती उठली, वळली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं साखळी धरून झडप पूर्ण उघडली.

झडप वर खडखडली. धुराड्यातून थोडी काजळी खाली आली. बाकी काही झालं नाही.

धाकटा बोलायचा थांबला होता.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "ती विझलेली आहे. पेटी आली तेव्हापासून पेटवलेलीच नाही आपण."

थोरलीनं दारावर तळहात टेकला. लोखंड गार होतं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, गाल जळत होता आणि हाताखालचं लोखंड गार होतं. ती तशीच उभी राहिली. मग तिनं दुसराही हात टेकला, एकावर विश्वास नसल्यासारखा.

*

पहिली उठली ती नणंद. तिनं वहिनीला बाकावर बसवलं, कॉलरचं बटण सोडलं, पर्समधून हातात मावेल एवढा बॅटरीवरचा पंखा काढून तिच्या तोंडापुढं धरला.

"हा तुमच्याकडं कसा, वन्सं?"

"कसा म्हणजे? मी काय लोखंडाची आहे? दवाखान्यात बायका येतात, म्हणतात, सिस्टर, जरा फॅन लावा. मी म्हणते, फॅन चालूच आहे बाई, मीच खाली उभी आहे त्याच्या." ती पुढ्यात उकिडवी बसली. आवाज बदलला, दवाखान्यातला झाला. "पाळी कशी येते?"

धाकटा एकदम पेटीच्या फळीतला खिळा न्याहाळू लागला. मग उठला.

"तू कुठं निघालास? बस. तुझ्या कारखान्याचंच चाललंय हे."

तो बसला.

"कधी महिन्यानं," थोरली म्हणाली, "कधी तीन-तीन महिने नाही. आली की मग धो धो."

"ते डॉक्टरांना दाखवायचं. उद्याच. आणि हे तापणं? कधी येतं?"

"कधीही. पण झरोक्याशी गेलं की येतंच."

"येतंच," नणंद म्हणाली. ती काही वेळ पंख्याच्या फिरत्या पात्याकडं बघत राहिली. "अरे देवा. येणारच की."

"ताई, आम्हाला कळेल असं बोल."

"आपल्या डोक्यात एक मीटर असतो. अंग किती तापलं की घाम सोडायचा, ते तो ठरवतो. एरवी त्याला थोडी ढील असते. अंग जरा तापलं तरी तो गप्प बसतो. पण पाळी जायच्या आधीची जी काही वर्षं असतात, त्यात इस्ट्रोजेन वर-खाली व्हायला लागतं आणि ती ढील संपते. मग अंग इतकंसं तापलं तरी त्याला वाटतं, आग लागली. सगळ्या झडपा उघडतो. रक्त चेहऱ्याकडं, घाम, छातीत धडधड. आणि ही रोज काय करते? तापलेल्या भट्टीला गाल लावते. भट्टीची धग लागली की हिची आतली धग उठते, आणि दोन्हींची बेरीज ही भट्टीच्या नावावर लिहिते."

"म्हणजे तोही मीटर बिघडलेलाच," धाकटा म्हणाला.

"बिघडलेला नाही. हुळहुळा झालाय. पुस्तकात रजोनिवृत्ती म्हणतात, पण ती पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की. वहिनी अजून वाटेवर आहे. मीही आहे. तुझी बायकोही येईल. तेव्हा असा खिळे बघत बसू नकोस."

थोरला टेबलाच्या त्या टोकाकडून उठून आला. बायकोच्या शेजारी बसला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते यायला वेळ लागला.

"मला वाटलं माझ्यावर चिडलीयस," तो म्हणाला. "वर्षभर."

"चिडलेच होते," थोरली म्हणाली. "पण ते वेगळं."

यावर मात्र मुलगी हसली, आणि तिच्या मागून सगळे.

"हे जातं का?"

माईंनी विचारलं होतं. खिडकीपाशी त्या कधी उभ्या राहिल्या ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"जातं माई," नणंद म्हणाली. "कोणाचं तीन-चार वर्षांत, कोणाचं दहाएक वर्षं रेंगाळतं. फार त्रास असेल तर औषधं आहेत, हिला काय चालेल ते डॉक्टर ठरवतील. पण बहुतेकींचं शेवटी बसतं. तो आतला मीटर सावरतो पुन्हा."

"आणि गाल?"

"गालाला काय झालंय? गाल बरोबरच असतो. मध्ये गलका चालू असतो एवढंच. तो थांबला की ऐकू येणार पहिल्यासारखं."

"म्हणजे माझंही बसलं असेल," माई म्हणाल्या.

*

माईंना वाटलं होतं, हे बोलायला आपल्याला फार धीर लागेल. पण बोलून गेल्यावर कळलं, की धीर न बोलण्याला लागत होता.

सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी निववणीकडं पाहिलं. झडप अजून उघडीच होती.

"मीसुद्धा उघडली होती अशी," त्या म्हणाल्या. "विझलेलीची नाही, एवढं माझं नशीब. भर तापाची होती. आत फुलदाण्या होत्या. तुमचे बाबा म्हणाले, वीट खराब झाली असेल. मी म्हटलं, हो, वीटच असेल. मग पुढच्या वेळी गाल नेला, आणि मला काही कळलंच नाही. नुसती आग. इतकी वर्षं जी माझ्याशी बोलायची ती नुसती ओरडायला लागली."

"मग कोणाला सांगितलं का नाहीस?" थोरल्यानं विचारलं.

"कोणाला? माझ्या सासूबाई चाळिशीच्या आतच गेल्या. त्यांच्यापर्यंत हे पोचलंच नाही. आणि आई माझी..." त्या थांबल्या. "माझी आई त्या वयात भर थंडीत अंगणात जाऊन उभी राहायची. अंगावर पातळ कपडा. लोक म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय. मला वाटलं, हे आमच्या रक्तातच आहे. चाळिशी उलटली की आमच्या घरातल्या बायकांचं असं होतं."

नणंदेच्या हातातला पंखा अजून घरघरत होता. तिनं तो बंद केला.

"म्हणून," ती म्हणाली, "मला दिली नाहीस."

"तुला दिली असती तर तुझंही एक दिवस असंच हिरावलं गेलं असतं. मला वाटलं, सून दुसऱ्या घरातली, हिच्यात हे येणार नाही. हिच्याकडं टिकेल." माईंनी थोरलीकडं पाहिलं. "तू आलीस आणि मला सुटल्यासारखं झालं, बघ."

"मी समजत होते, तुला माझ्यापेक्षा ती आवडते."

"आवडायचीच. पण ते वेगळं," माई सुनेच्याच शब्दांत म्हणाल्या. कोणी हसलं नाही. त्या स्वतःच थोड्या हसल्या.

त्यांना सगळं आठवत होतं. ॲप्रन काढला तेव्हा मानेवर गार वारा लागला होता. नंतर कितीतरी सकाळी त्या अंथरुणात जागं राहून ऐकत, की साखळी वाजली, झडप उघडली, सून वाकली असेल. घरात लोक म्हणत, माईंनी किती मोठ्या मनानं सोडलं. त्या खिडकीपाशी बसत, कारण तिथून निववणीचं दार दिसे पण धग पोचत नसे. धग आली की भीती वाटायची, पुन्हा ती ओरडेल. पुढं कधीतरी अंगातलं ते तापणं थांबलं होतं. नक्की कधी ते त्यांनी पाहिलं नाही. एखादा त्रास गेला की माणूस त्याच्या मागं कुठं जातं. त्याच वेळी गाल परत आला असेल आणि वाट पाहत बसला असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"एकदा तरी जाऊन बघायचंस ना आजी," नात म्हणाली.

"हो," माई म्हणाल्या. "एकदा तरी बघायचं."

धाकट्यानं घसा साफ केला. त्याला जे बोलायचं होतं ते आता कोणत्या बाजूनं बोलावं हे त्याला कळत नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

"कोठारातल्या गोळ्यांचं काय?" तो म्हणाला. "ते मोडायचे का?"

"नाही," थोरली म्हणाली. ती उठून उभी राहिली. चेहरा अजून लाल होता, पण आवाज नेहमीचा. "जे तडकले नाहीत ते पुन्हा आत घालता येतात. पुरता ताप दिला आणि सावकाश उतरवलं तर ताण सुटतो. उद्या सकाळी पेटवू. मी मीटर बघून चालवीन. मीटर सांगेल तेवढंच."

"आणि खालच्या फळ्या?" मुलीनं विचारलं. "मीटर वर आहे. खालचं कोण सांगणार?"

थोरलीनं गळ्यातला ॲप्रन काढला. त्याची चामडी पट्टी घामानं काळी पडली होती. ती खिडकीपर्यंत गेली आणि माईंपुढं तो धरून उभी राहिली.

"माझा गाल परत येईपर्यंत," ती म्हणाली. "देऊन टाकत नाहीये हं मी. निववणी माझीच आहे."

"तुझीच आहे गं," माई म्हणाल्या. पण हात पुढं आला नाही. "आणि नाहीच कळलं तर?"

"तर मीटर आहेच."

"किती वर्षं लागतील म्हणालीस ताई, वहिनींना?" धाकट्यानं विचारलं.

"ते काही सांगता येत नाही."

"मग माई, तुला ठणठणीत राहावं लागणार. सुट्टी नाही आता."

"तू आधी नाट्यगृहवाल्यांना फोन लाव," माई म्हणाल्या, आणि त्यांनी ॲप्रन घेतला.

*

सकाळी मुलीनं निववणी पेटवली. गोळे फळ्यांवर मांडून झाले होते. नणंद रात्री घरी गेलीच नव्हती. दवाखान्यात फोन करून डॉक्टरांची वेळ घेऊन ती वहिनीच्या शेजारी मीटरपाशी बसली होती. काटा हळूहळू चढत होता. थोरलीचा हात मधूनच साखळीकडं जाई आणि ती तो मांडीवर परत आणून ठेवी.

"आत्ता काय वाटतंय?" नणंदेनं विचारलं.

"जास्त वाटतंय. फार जास्त."

"मलाही."

"मग बरोबर असेल," थोरली म्हणाली, आणि दोघी खांद्याला खांदा लावून हसल्या.

माई स्टुलावर बसल्या होत्या, मीटरकडं पाठ करून. ॲप्रन त्यांना आता मोठा होत होता. मघापासून त्या नुसत्या झरोक्याकडं बघत होत्या. मग त्यांनी कानावरचे केस मागं सारले आणि गाल नेला.

"थोडं कमी आहे," माई म्हणाल्या.

मीटरचा काटा हव्या त्या खुणेच्या थोडा अलीकडं होता. नणंद उठून त्यांच्याजवळ गेली. उभं राहूनच वाकली, माईंच्या गालाशेजारी आपला गाल आणून थांबली, आणि डोळे मिटून घेतले.

"अजून कमी," माई हळूच म्हणाल्या, तिला एकटीलाच. "अजून... अजून... आता."

मुलीनं मीटर पाहिला. आईकडं पाहिलं. थोरलीनं स्वतः उठून नेमका खुणेवर आलेला काटा पाहिला, खाली बसली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोरला दारातून हे बघत होता. तो मोठ्या भट्टीकडं परतला.

झडप अर्धी केली. आता तासन्‌तास फक्त सावकाश उतरू द्यायचं होतं, इतकं सावकाश, की झरोक्याशी कोणी थांबायची गरज नव्हती. नणंद चहा करायला गेली. मुलगी कोठार झाडायला लागली. थोरली स्टुलाजवळ आली.

"माई, झालं. सरका आता मागं, गाल भाजेल."

"नाही भाजत," माई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. "तू जा. मी आहे इथं."